अर्धे बांधलेले केस तासाभरात बसतात? दोष कुठं आहे ते असं शोधा

घरून निघताना पफ, म्हणजे टाळूवरचा फुगवटा, झकास असतो. कार्यालयात पोचून चप्पल काढेपर्यंत तो निम्मा होतो, आणि अक्षता पडेपर्यंत भांगातली टाळू दिसायला लागते. मग कुणीतरी मावशी पर्समधून स्प्रे काढते, वरून फवारते, आणि होता नव्हता तो फुगवटाही चिकटून बसतो. कोल्हापुरात पार्लरात आणि लग्नघरी जाऊन केस करायचं काम मी करते. दुरुस्तीला म्हणून जी डोकी माझ्यापुढं येतात त्यात सगळ्यात जास्त भरणा याच तक्रारीचा.

एक आधीच सांगते. दोष क्वचितच स्प्रेचा असतो. तो केसाच्या पहिल्या इंचात, मुळाशी असतो, आणि बऱ्याचदा आदल्या दिवशीच घडलेला असतो. अंबाड्याला खालून आधार मिळतो, म्हणून त्यात चुका झाकल्या जातात. अर्ध्या बांधलेल्या केसांत तशी सोय नाही. वरच्या भागाचा सगळा भार मुळांवर आणि दोन-चार पिनांवर, आणि पिनेतून खाली लोंबणारा शेपटा तो भार दिवसभर मागं ओढत राहतो. म्हणून वरून काही ओतण्याआधी खालचं तपासायचं.

आधी लक्षण ओळखा

तक्रार सगळ्यांची एकच असते, "बसले हो केस". पण बसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

- अर्ध्या तासातच फुगवटा उतरला आणि मुळं चकाकतायत: तेल, कंडिशनर किंवा सीरम.
- घरी छान होता, गाडीवरून उतरल्यावर गेला: केस पुरते वाळले नव्हते, किंवा गरम असतानाच बांधले.
- फुगवटा आहे, पण सगळाच्या सगळा मागं सरकून मानेकडं आलाय: पिना धरत नाहीत, किंवा गजऱ्याचं वजन जास्त झालं.
- मधोमध खड्डा, दोन्ही बाजूंना उंचवटे: बॅककोंबिंग, म्हणजे कंगवा मुळाकडं उलटा दाबणं, मुळाशी न होता केसाच्या मध्यावर झालंय.
- फुगवटा टिकलाय, पण टोपलं पालथं घातल्यासारखा दिसतोय: जागा चुकली, किंवा कानावरच्या बाजू फार आवळल्या.
- कपाळाकडून बघितलं की फट दिसते: भांग, किंवा केसच विरळ झालेत. या दुसऱ्या शक्यतेवर खाली वेगळं लिहिलंय, ते वगळू नका.
- पिनांच्या जागी ठणकतंय, डोकं जड झालंय: इथं पुढं काही तपासायचं नाही. पिना काढा.

आता फुकटातल्या तपासण्यांपासून सुरुवात.

भांग आणि जागा

मागचा आरसा धरून बघा. समोरच्या आरशात फुगवटा कधीच खरा दिसत नाही. फोटो काढणारा बाजूने उभा असतो, तुम्ही समोरून बघत असता. मोबाइलवर बाजूने एक फोटो काढला तरी काम होतं.

वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला, की तिथले केस मुळातच आडवे पडायला शिकतात. समारंभाच्या आदल्या रात्री भांग दुसऱ्या बाजूला टाकून झोपा आणि सकाळी मूळ जागेपासून बोटभर सरकवून पाडा. सरळ रेघेऐवजी शेपटीच्या कंगव्याने नागमोडी पाडला, तर टाळूची पांढरी रेषही दिसत नाही. एवढ्यानेच काहींचं काम भागतं, आणि त्यांना ते खरं वाटत नाही.

मग जागा. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाकडं एक रेघ कल्पा आणि तीच तशीच वर मागं न्या. डोक्यावर ती जिथं पोचते तिथं फुगवट्याचा सगळ्यात उंच भाग यायला हवा, आणि पिना त्याच्या दोन बोटं खाली. उंचवटा त्याच्या पुढं आला तर कपाळावर गाठोडं दिसतं, मागं गेला तर समोरून काहीच दिसत नाही आणि बाई म्हणते, "ताई, तुम्ही पफ काढलाच नाही." वर किती केस घ्यायचे, हेही इथंच ठरतं. दाट केस असतील तर कानाच्या वरच्या टोकापासून घ्या. बारीक, कमी केस असतील तर कानशिलाच्या वरून, कमीच घ्या. बहुतेकींना उलट वाटतं, की जास्त घेतले तर जास्त फुगतील. जास्त घेतले की भार वाढतो, आणि खाली मोकळे राहिलेले केस शेपटीसारखे बारीक दिसतात.

तेल

टिश्यू पेपरचा तुकडा भांगावर आणि कानामागं दहा सेकंद दाबून धरा. डाग आला तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी डोकं धुवा. तेलकट मुळावर कुठलाही फुगवटा उभा राहत नाही.

आपल्याकडं रविवारी तेल, सोमवारी न्हाणं अशी सवय असते, आणि खोबरेल तेलाची खुबी अशी की ते केसाच्या आत शिरतं. रोजच्या आरोग्याला ते चांगलंच. पण एका शाम्पूने ते पूर्ण निघत नाही. कार्यक्रमाच्या आधीचे तीन-चार दिवस तेल बंद ठेवा. आईला राग येईल, येऊ दे.

लग्नघरात याहून मोठी गंमत हळदीला होते. तेल-हळद लावताना कपाळाच्या वरचे केस, कानामागचे केस सगळे माखतात, आणि नंतर घाईघाईत न्हाणं होतं. नेमका तोच भाग फुगवट्याचा पुढचा काठ असतो. हळदीला बसण्यापूर्वी केसांच्या कडेने जुनी सुती ओढणी घट्ट गुंडाळा, आणि न्हाताना त्या काठाला बोटांनी वेगळा शाम्पू लावा. शाम्पू दोनदा, फक्त टाळूवर. कंडिशनर कानाच्या खाली, मुळाला नाही. केस गुळगुळीत ठेवायला कंडिशनरात आणि सीरममध्ये बहुधा सिलिकोन असतं. ते केसांवर थर देतं, आणि केस एकमेकांवरून घसरतात. आपल्याला नेमकं घसरायचं नाही.

धुवायचं कधी? आदल्या संध्याकाळी. सकाळी धुतलेले केस फार सुळसुळीत असतात, पिना धरत नाहीत. अपवाद, ज्यांची टाळू रात्रीतच तेलकट होते त्यांचा. त्यांनी सकाळीच धुवावं.

धुवायला वेळच नसेल तर ड्राय शाम्पू. हातभर अंतरावरून मुळाशी मारा, दोन मिनिटं थांबा, मग बोटांनी चोळून ब्रश फिरवा. लगेच ब्रश मारला तर तेल शोषलं जायच्या आधीच पावडर निघून जाते. अगदी अडचण असेल तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉवर मेकअपच्या ब्रशने आतल्या थराला लावा, वरच्या थराला नाही. काळ्याभोर केसांवर ते करडं दिसतं. साडी नेसायच्या आधी लावा, हे वेगळं सांगायला नको. टाल्कम पावडर मात्र नको. नाकातोंडात जाते.

ओल

कोल्हापुरात ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. चातुर्मासात लग्नं नसली तरी मंगळागौर ऐन पावसाळ्यातच येते, डोहाळजेवण, बारसंही थांबत नाहीत, आणि गौरी-गणपतीला तर केस वाळायचं नावच घेत नाहीत.

कारण समजून घ्या, म्हणजे अर्ध्या चुका आपोआप टळतील. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी लागलं की हे बंध सुटतात. केस वाळताना किंवा तापवून थंड होताना ते पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल तोच आकार तो धरतो. म्हणजे फुगवट्याचा आकार स्प्रेमुळे पक्का होत नाही, वाळण्याच्या आणि थंड होण्याच्या त्या काही मिनिटांत पक्का होतो. आणि दमट हवेतली वाफ तो हळूहळू सोडवत राहते. मुळात थोडी जरी ओल राहिली, तर आकार अजून ठरलेलाच नसतो. तो गाडीवर, हेल्मेटखाली ठरतो.

तपासायचं कसं? बोटांची मागची बाजू मानेवर केसांच्या आत घाला, मग टाळूच्या मध्यावर. ओले केस थंड लागतात. बाहेरून खडखडीत वाळलेले दाट केस आत अर्धा दिवस दमट असतात.

ड्रायर असेल तर डोकं खाली करून मुळं वाळवा. ज्या दिशेला केस पडतात त्याच्या उलट दिशेला उचलून गरम हवा द्या आणि शेवटी थंड हवेचं बटण दाबून अर्धा मिनिट धरा. ड्रायर नसेल तर पंख्याखाली, बट बट उचलून. वेळ लागतो, पण काम होतं.

थंड होऊ द्या

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. कर्लिंग रॉडमधून काढलेली बट गरम असतानाच विंचरली, तर तिचा आकार जुळण्याआधीच मोडतो. ती बोटाभोवती गुंडाळून टाळूशी चिमट्यात अडकवा आणि पुरती थंड होईपर्यंत विसरून जा. टाळूच्या मधल्या पट्ट्यात, कपाळापासून मागं, चिकटणारे तीन-चार मोठे रोलर लावायचे आणि तसंच मेकअप करायचा, साडी नेसायची. रोलर सगळ्यात शेवटी काढायचे. घरातल्या बायका हसतात. हसू दे, दुपारी त्याच विचारायला येतात.

रॉडची उष्णता बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० ते १६० अंश सेल्सिअस, जाड केसांना १८० पर्यंत. त्यापुढं नेऊन फायदा नाही. आणि रॉड लावल्यावर वाफ निघाली किंवा चर्र आवाज आला, तर केस ओले आहेत. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आत पोकळ्या पडतात आणि केस तिथंच तुटतो. हे नुकसान कुठल्याही मास्कने भरून येत नाही.

पिना

काळी पिन घ्या, तिच्या दोन बाजू बघा. एक सरळ, एक नागमोडी. नागमोडी बाजू टाळूकडं. निम्म्याहून अधिक बायका उलटी लावतात, कारण नागमोडी बाजू "डिझाइन" वाटते. तो नागमोडपणा केसाला पकडण्यासाठी आहे.

पिन घालताना केस ज्या दिशेला ओढला जाणार त्याच्या विरुद्ध दिशेने थोडी घाला, मग वळवून आत दाबा. एकीवर दुसरी आडवी, फुलीसारखी. पिनांवर आधी थोडा स्प्रे मारून वाळवला तर पकड आणखी वाढते. पिन दातांनी उघडू नका. तुमच्या दाताचा नुसता टवका उडतो, पिनेची मात्र कायमची ताकद जाते. ताणलेल्या, टोकाचा मणी गेलेल्या पिना टाकून द्या. मणी गेलेली पिन टाळू ओरबाडते. महाद्वार रोडवर पिनांचं पाकीट किती स्वस्त मिळतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात काटकसर नको.

सुळसुळीत केसांसाठी एक युक्ती. पिना जिथं येणार तिथं, आतल्या थरातल्या दोन बोटं रुंद केसांची बारीक वेणी घालून छोट्या रबराने बांधा आणि आडवी दाबून ठेवा. वरच्या केसांनी ती झाकली जाते. मग सगळ्या पिना त्या वेणीत रोवा. मोकळ्या केसात रोवलेली पिन सरकते, वेणीतली सरकत नाही.

बॅककोंबिंग

इथं जरा निवांत वाचा. सगळा खेळ इथंच बिघडतो.

केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडं असतात. कंगवा टोकाकडून मुळाकडं ढकलला की खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि मुळाशी एक उशी तयार होते. त्या उशीवर वरचा थर टेकतो. म्हणजे उशी जिथं, फुगवटा तिथं. ती केसाच्या मध्यावर झाली तर वरचा थर मुळाशी खचतो आणि मधोमध खड्डा पडतो.

कपाळाकडचा इंचभर थर बाजूला काढून चिमट्यात ठेवा. त्याला कंगवा उलटा लावायचा नाही, तो झाकण आहे. त्याच्या मागची दोन बोटं जाडीची बट घ्या आणि सरळ वर ताणून धरा, किंचित पुढं झुकवून. बारीक दातांचा कंगवा टाळूपासून तीन बोटांवर घाला, मुळापर्यंत खाली दाबा आणि बाहेर काढा. पुन्हा घाला, दाबा, काढा. तीन-चार वेळा पुरे. कंगवा काढल्याशिवाय खाली-वर घासलात तर उशीऐवजी गुंता होतो. पहिला दाब सगळ्यात महत्त्वाचा, टाळूला टेकेपर्यंत. अशा तीन किंवा चार बटा, पुढून मागं. प्रत्येक बटेच्या मुळाशी अगदी हलका स्प्रे, आणि तो वाळेपर्यंत बट उभीच धरायची.

मग झाकणाचा थर मागं आणा आणि मऊ ब्रश नुसता वरून फिरवा. ब्रश आत गेला की उशी मोडली.

तळहाताने हळूच दाबून बघा. दाबल्यावर परत वर आला तर झालं. खालीच राहिला तर उशी मुळाशी नाही. सगळं सोडून पुन्हा करा. अर्धवट दुरुस्ती इथं होत नाही.

आता नैसर्गिक दिसण्याचा भाग. एका हाताने पिना धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत वरच्या थरातल्या बारीक बटा दोन-तीन ठिकाणी अगदी किंचित ओढा. गुळगुळीत गोल फुगवटा फोटोत खोटा दिसतो, किंचित विस्कटलेला खरा वाटतो. कानावरचे केस आवळू नका, बोट आत जाईल एवढे सैल ठेवा. आणि खालच्या मोकळ्या केसांना दोन-चार सैल लाटा द्या. वर फुगवटा आणि खाली इस्त्री केल्यासारखे सरळ केस, असं असलं की दोन वेगळ्या बायकांचे केस जोडल्यासारखे दिसतात. माझ्या मते "नॅचरल" लूक बिघडतो तो इथं, वरच्या फुगवट्यात नाही.

हे महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ठीक. रोज कॉलेजला जाताना करायचा हा प्रकार नव्हे, उघडलेले खवले तुटतात.

वजन आणि दोऱ्या

मोगऱ्याचा भरगच्च गजरा, त्यावर फूलवाल्याने मारलेलं पाणी, आणि तो थेट पफच्या पिनेला लटकवलेला. असा फुगवटा टिकेल कसा? गजऱ्याचं पाणी आधी पंच्यात टिपून घ्या. गजरा फुगवट्याच्या पिनांवर न लावता त्यांच्या खाली, त्या लपवलेल्या वेणीत यू पिनांनी स्वतंत्र रोवा. दुहेरी गजऱ्यापेक्षा एकेरीच बरा. सोन्याचं अग्रफूल किंवा केतक लावणार असाल तर त्यालाही हाच नियम. गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून आणलेला दागिना सुंदर असतो, हलका असतोच असं नाही.

नवरीच्या बाबतीत मुंडावळ्या. त्यांची दोरी कपाळावरून जाऊन मागं बांधतात, आणि बांधणारी काकू ती फुगवट्याच्या बरोबर मध्यावरून आवळते. दोरी कानाच्या वरून, फुगवट्याच्या खालून न्या आणि दोन्ही बाजूंना एकेक पिन मारा. हे त्या काकूंना आधीच दाखवून ठेवा, ऐनवेळी कुणी ऐकत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन मग कार्यालयात जायचं असेल, तर डोक्यावर घ्यायचा पदर फुगवट्याच्या मागं, पिनांवर टेकवा.

आणि वारा. पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याच्या कडेला फोटो काढायचे असतील तर मोकळे केस तिथं पोचेपर्यंत सैल वेणीत ठेवा. पन्हाळ्यावर धुकं असेल तर लाटा तासभरही टिकणार नाहीत हे धरूनच चाला, आणि वरचा फुगवटा तेवढा सांभाळा.

स्प्रे, आता कुठं

वीत-दीड वीत अंतरावरून, हात हलता ठेवून, पातळ थर. तो वाळला की दुसरा. जवळून मारलेला स्प्रे थेंब होऊन बसतो. केस ओले होतात, जड होतात, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही दोष एकदम. जेल आणि सेटिंग लोशन फुगवट्याला नको.

एक इशारा गंमतीत घेऊ नका. स्प्रेच्या डब्यातला वायू आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात. समई, निरांजन, होम यांच्याजवळ स्प्रे मारायचा नाही, आणि मारल्यावर तो पुरता वाळल्याशिवाय औक्षणाला बसायचं नाही. होमाच्या खोलीत "जरा टचअप" करायला आलेल्या मैत्रिणीला बाहेर पाठवा.

वेळ आणि पैसा लागणारे उपाय

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही केस बसत असतील, तर दोष आजचा नाही. त्याला आधीपासून लागावं लागतं.

पाणी बघा. धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची चर्चा कितीही झाली तरी अनेक अपार्टमेंटमध्ये वापरायचं पाणी बोअरचंच असतं. साबणाला फेस येत नसेल, बादलीला आणि नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरत असेल, तर पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. केस राठ आणि जड लागतात, आणि वरून तेल लावलं की आणखी लोळतात. क्षार काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू समारंभाच्या आदल्या धुण्याला एकदा वापरा. दर आठवड्याला नको, केस कोरडे पडतात. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तरी फरक कळतो.

मग कट. कमरेपर्यंतचे एकाच लांबीचे केस वर फुगत नाहीत, स्वतःच्या वजनानेच खाली येतात. वरच्या भागात लांब थर कापून घेतले की भार हलका होतो. मात्र केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. चुकलेला कट समारंभाच्या आठवड्यात भरून येणार नाही, म्हणून किमान महिनाभर आधी. फार आखूड थर मागू नका, ते फुगवट्यातून काट्यांसारखे बाहेर येतात.

स्मूदनिंग किंवा कायमचं स्ट्रेटनिंग केलेले केस ही वेगळीच जमात. त्यात केसाचा मूळ आकार धरून ठेवणारे पक्के डायसल्फाइड बंध रसायनाने तोडून सरळ आकारात पुन्हा बांधलेले असतात. हे बंध पाण्याने किंवा रॉडने हलत नाहीत, त्यामुळं अशा केसांना दिलेली लाट लवकर सुटते. लपवलेली वेणी, जास्त पिना आणि लहान फुगवटा एवढ्यावर समाधान माना. वर्षभरात लग्न असेल तर आत्ता स्मूदनिंग करू नका, हे मी मुलींना तोंडावर सांगते. माझं त्यात नुकसान आहे, तरी सांगते.

शेवटचा उपाय गंगावन, म्हणजे वरून जोडायचे केस, किंवा आतलं पॅड. पूर्वीच्या बायका खोप्यासाठी गंगावन वापरायच्याच, त्यात कमीपणा कसला? अर्ध्या बांधलेल्या केसांना चिमटे लावलेल्या जोडकेसांच्या पट्ट्या कानाच्या वरच्या रेघेखाली लावायच्या. प्रत्येक चिमट्याखाली थोडं बॅककोंबिंग हवं, नाहीतर तो घसरतो. रंग टोकांशी जुळवा, मुळांशी नाही, कारण दिसतात ती टोकं. पॅड लहान घ्या. मोठ्या पॅडने ते पालथं टोपलं परत येतं.

इथं थांबा

नवरीचे केस घरी करून बघायचे असतील तर एकदा पूर्ण रंगीत तालीम करा. तालमीतला फुगवटा तीन तास टिकला नाही, आणि वरचं सगळं तपासून दुसऱ्यांदाही टिकला नाही, तर केस करणारीला बोलवा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि मुहूर्ताच्या तारखा आधीच भरतात, म्हणून हा निर्णय मुहूर्ताच्या आठवड्यात नको. रासायनिक प्रकार, म्हणजे मुळांना पर्म (रसायनाने केस कुरळे करणं) किंवा रंग उतरवणं, घरी मुळीच करू नका. नवा रंग लावायचाच तर कानामागं थोडा लावून ४८ तास वाट बघा. खाज, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

आता ती कपाळाची फट. भांग आधीपेक्षा रुंद दिसायला लागलाय, वेणीची जाडी कमी झालीय, तर फुगवट्याच्या युक्त्या बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक. मूठ मूठ गळत असतील तर नाही. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठं आजारपण झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात. ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात, पण खात्री डॉक्टरांनी करायची. रक्तातलं लोह आणि थायरॉइड ते बघतील. गोल चट्ट्यात केस गेले, म्हणजे चाई पडली, किंवा टाळूवर पुळ्या, खपल्या, पू दिसला, तर त्यावर मी पार्लरात हात लावत नाही, आणि कुणी लावत असेल तर लावू देऊ नका. कानशिलावरचे केस तुटून बारीक लव राहिलीय आणि तुम्ही रोज केस आवळून बांधता, तर ते ताणाने जाताहेत. लवकर सैल सोडलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळंच मरतात.

आणि रात्री घरी आल्यावर तसंच झोपू नका. सगळ्या पिना मोजून काढा. बॅककोंबिंगच्या जागी कंडिशनर किंवा खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर वर सोडवत या. मुळापासून ओढलं तर गुंतवळच हातात येईल. सुटतच नाही असा गुंता कात्रीने कापू नका, दुसऱ्या दिवशी पार्लरला या. अक्षतांचे दाणे तेवढे आधी झटका, ते भिजले की केसात चिकटून बसतात.